नाना चौक ते मानखुर्द : होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पन्नास वर्षे

मुंबईत नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या काही खोल्यांमध्ये १९७४ साली एक संशोधन केंद्र सुरू झाले. संशोधनाचा विषय होता शाळेतला विज्ञानाचा तास. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते उभारले आणि त्याला आपल्या संस्थापकाचे, होमी भाभांचे, नाव दिले. केंद्राची सुरुवात महापालिकेच्या शाळेत व्हावी, हे पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाला साजेसेच होते. जिथे प्रयोगशाळा नाही, जिथे एका वर्गात पन्नास-साठ मुले बसतात आणि जिथे सगळे विषय एकच गुरुजी शिकवतात, तिथे विज्ञान कसे शिकवायचे, याचे उत्तर केंद्राला हवे होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक विज्ञान शिक्षकांसाठी निघणाऱ्या या स्मरणिकेत केंद्राच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा लेख समाविष्ट होत आहे. मुंबईच्या संस्थेचा इतिहास सोलापूरच्या शिक्षकांनी का वाचावा, तर आपल्या प्रशिक्षणवर्गांमध्ये आज जे चांगले आहे, त्यातले बरेचसे अशाच ठिकाणी आधी करून पाहिले गेले. प्रयोग आधी शिक्षकाच्या हातून व्हावा, मुलाचे चुकीचे उत्तरही नीट ऐकावे, पुस्तकाची भाषा मुलाच्या भाषेजवळ आणावी : या तीन गोष्टी ऐकायला सोप्या वाटतात. त्या सिद्ध करायला मात्र कित्येकांची उमेदीची वर्षे खर्ची पडली आहेत.

पूर्वपीठिका : १९६४ ते १९७४

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. सोलापूर जिल्हा परिषदही तेव्हाचीच. पाठोपाठ १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडला. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित प्रत्येक मुलाला शिकवावे, ही त्याची एक मोठी शिफारस होती. १९६७ च्या जानेवारीत बालभारतीची स्थापना झाली. महाराष्ट्रात दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली, आणि विज्ञान टाळून शाळा पूर्ण करण्याची वाट बंद झाली.

निर्णय योग्य होता. पण तो अंमलात आणायचा कोणी? त्या काळच्या प्राथमिक शाळांमध्ये ‘फायनल’ पास झालेले गुरुजी होते, मॅट्रिक होऊन ट्रेनिंग कॉलेजातून आलेले होते. भाषा आणि अंकगणितावर त्यांची पकड होती. अक्षर असे की फळ्यावरून पुसू नये. पण त्यांच्यातल्या अनेकांनी आयुष्यात कधी परीक्षानळी हातात धरली नव्हती. विज्ञान सक्तीचे झाले तेव्हा हे शिक्षक पुस्तकातला प्रयोग वाचून दाखवू लागले, आणि मुले तो पाठ करू लागली. यात त्यांचा दोष नव्हता. जे आपल्याला कोणी शिकवलेच नाही, ते शिकवण्याची जबाबदारी एका परिपत्रकाने त्यांच्यावर येऊन पडली होती.

मुंबईत याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांमध्ये जाऊ लागले होते. भौतिकशास्त्रज्ञ भालचंद्र उदगावकर आणि व्ही. जी. कुलकर्णी हे त्यांतले पुढाकार घेणारे. शिक्षकांना आणि प्राध्यापकांना बरोबर घेऊन त्यांनी ‘बॉम्बे असोसिएशन फॉर सायन्स एज्युकेशन’ या मंडळाच्या वतीने काम सुरू केले. १९६६ च्या जानेवारीत भाभांचे विमान अपघातात निधन झाले. त्यांनी जमवलेल्या माणसांमध्ये अणुकेंद्रक आणि विश्वकिरण यांच्याइतकीच शाळेच्या वर्गाची काळजी वाहणारी माणसे होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा उच्च प्राथमिक शाळांमध्ये विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. टाटा संस्था सोडून तिथे गेलेले अनिल सद्गोपाल आणि त्यांचे किशोर भारतीचे सहकारी, तसेच रसूलिया येथील फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी तो उभारला. त्यालाही या मुंबईच्या मंडळींची साथ होती. यशपाल यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिथे खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. शिक्षकाला व्याख्यान न देता त्याच्यापुढे साहित्य ठेवावे आणि त्यालाच करू द्यावे, ही पद्धत तिथे कसाला लागली. दोन वर्षांनी मुंबईत केंद्र सुरू झाले तेव्हा हा अनुभव हाताशी होता.

१९७४ ते १९८४ : नाना चौक आणि खिरोदे

सुरुवातीचे आर्थिक पाठबळ सर दोराबजी टाटा ट्रस्टने दिले. केंद्राची धुरा व्ही. जी. कुलकर्णी यांच्याकडे आली आणि पुढची जवळपास दोन दशके त्यांनीच ती वाहिली. उदगावकरांचा आधार पाठीशी कायम होता. तरुण संशोधक, महापालिकेचे शिक्षक आणि कार्यशाळेतले तंत्रज्ञ एकाच शाळेच्या खोल्यांमधून काम करत. संस्था कशी चालवावी, संशोधन किती आणि प्रत्यक्ष काम किती, यावर अशा प्रत्येक ठिकाणी मतमतांतरे असतात. ती बाजूला ठेवून सगळे एका कामाला लागले, एवढी नोंद इथे पुरेशी आहे.

ते काम म्हणजे खिरोद्याचा प्रकल्प. जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातले खिरोदे हे शिक्षणाची परंपरा असलेले गाव. स्वातंत्र्यसैनिक धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे पुत्र, महाराष्ट्राचे माजी शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी, यांच्या शिक्षणकार्याचे ते केंद्र. जवळच फैजपूर, जिथे १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अशा गावी मुंबईच्या शास्त्रज्ञांचे स्वागत होणे स्वाभाविक होते. पण स्वागत होणे आणि शिक्षकांनी आपले मानणे यांत अंतर असते, आणि ते कापायला वेळ लागतो.

परिसरातल्या शाळांमधले शिक्षक ठरावीक दिवसांनी एकत्र जमत. पुढच्या दिवसांत शिकवायचा पाठ घेऊन बसत, त्यातले प्रयोग स्वतः करत, फसलेले प्रयोग पुन्हा करत आणि मग आपापल्या शाळेत जाऊन वर्गात करत. पुढच्या बैठकीला येताना ते वर्गातले अनुभव घेऊन येत. या रचनेत सगळे मर्म परत येण्यात होते. एकदाच चार-पाच दिवसांचे शिबिर घेऊन शिक्षकाला सोडून दिले, तर तो शाळेत गेल्यावर पहिल्याच अडचणीला थबकतो, आणि ती अडचण विचारायला त्याच्याजवळ कोणी नसते. ठरावीक दिवसांनी पुन्हा भेट होणार असली की अडचण हाच पुढच्या बैठकीचा विषय होतो. आज केंद्रशाळेत होणारी शिक्षण परिषद ज्यांनी मनापासून चालवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अशा बैठकीत काय घडते, याचे एक उदाहरण देतो. ते खिरोद्याचेच आहे असे नाही, कुठल्याही चांगल्या प्रशिक्षणात ते पाहायला मिळते. ताटलीत पाणी, पाण्यात पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा पेला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. वर्षानुवर्षे सांगितले गेलेले स्पष्टीकरण असे की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असल्याने पाणी तेवढेच चढले. शिक्षकांच्या हातात साहित्य दिले आणि नीट पाहायला सांगितले की कोणीतरी म्हणते, मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे चढत नाही, विझल्यावर झपाट्याने चढते. मग कोणी दोन मेणबत्त्या लावून पाहतो, तर पाणी आणखी वर जाते. ऑक्सिजन तर तेवढाच आहे! मग चर्चा तापलेल्या हवेच्या फुगण्याकडे आणि थंड होताना तिच्या आकसण्याकडे वळते. अर्ध्या तासात वीस वर्षे सांगितलेले उत्तर शिक्षक स्वतःच बाजूला ठेवतो, आणि कोणीही त्याला ‘तुम्ही चुकलात’ असे म्हटलेले नसते. प्रौढ माणसाला शिकवण्याची याहून सन्मानाची रीत मला ठाऊक नाही.

याच वर्षांत केंद्राने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले, आणि माझ्या मते त्याचे हे सर्वांत टिकाऊ योगदान आहे. मुलांना विज्ञान कळत नाही की पुस्तकाची भाषा कळत नाही? कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी हा प्रश्न संशोधनाच्या शिस्तीने तपासला. पाठ्यपुस्तकातला मजकूर सोप्या मराठीत लिहून मुलांना दिला आणि त्यांचे आकलन पडताळले. मजकूर सोपा झाला तसे आकलन लक्षणीय वाढले. जी मुले ‘विज्ञानात कच्ची’ ठरली होती, त्यांच्यातली कित्येक मुळात संस्कृतप्रचुर वाक्यरचनेत अडकली होती. १९८१ च्या सुमारास हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सोलापूरच्या शिक्षकाला याचे महत्त्व अधिक समजावून सांगायला नको. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घरी कन्नड बोलणारी मुले आहेत. शहरात पूर्व भागातल्या विणकर वस्तीत घरची भाषा तेलुगू आहे. उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. बार्शी आणि करमाळ्याची मराठी पुस्तकातल्या मराठीपासून कितीतरी वेगळी आहे. ‘बाष्पीभवन’ हा शब्द या सगळ्या मुलांना सारखाच परका. वाळत घातलेल्या चादरीतले पाणी कुठे गेले, हा प्रश्न मात्र कोणालाच परका नाही. आधी चादर, मग शब्द, हा क्रम ज्या शिक्षकाला सापडला त्याचा वर्ग बोलू लागतो.

१९८४ ते १९९४ : वंचितांच्या शाळा आणि स्वतःची वास्तू

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून केंद्राने महापालिकेच्या शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींबरोबर दीर्घकाळ चाललेला उपक्रम राबवला. आठवीत निवडलेल्या मुलांना शालान्त परीक्षेपर्यंत नियमित मार्गदर्शन मिळाले, आणि शाळेने बाजूला टाकलेल्या मुलांनी उत्तम यश मिळवले. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी त्याचा अहवाल लिहिला. हा उपक्रम विद्यार्थ्यांचा होता, पण शिक्षकांसाठीही त्यात मोठा धडा होता. मुलांचे अपयश त्यांच्या कुवतीत शोधण्याआधी त्यांना काय शिकवले गेले आणि कोणत्या भाषेत, हे तपासा, असे त्याने दाखवून दिले. आगरकरांनी पुढे आश्रमशाळांच्या शिक्षकांबरोबरही काम केले, आणि मराठीतून विज्ञान शिक्षणावर सातत्याने लिहिले.

देशपातळीवर याच काळात १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. सेवेतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र संस्था असावी, हा त्यातला दूरदृष्टीचा निर्णय. त्यातूनच जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. आपल्या जिल्ह्याची संस्था माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे. अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात करमाळ्याचा शिक्षक आणि अक्कलकोटचा शिक्षक यांना एकाच ठिकाणी बोलावणे किती जिकिरीचे, हे नकाशा पाहिला तरी कळते. म्हणून राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून केंद्रशाळेला, अशी तज्ज्ञ मार्गदर्शकांची उतरंड रूढ झाली. हजारो शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता. पण प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते, आणि विज्ञानात सर्वांत आधी गळतो तो प्रत्यक्ष प्रयोग. वरच्या पायरीवर जो हाताने करून पाहिला, तो शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत फळ्यावरची आकृती होऊन जातो. खिरोद्याची लहान, सलग आणि हातांनी करण्याची पद्धत व या उतरंडीची मोठी व्याप्ती यांचा मेळ घालणे, हा त्यानंतरचा सगळ्यांचाच मोठा प्रश्न ठरला.

१९९२ साली केंद्र नाना चौकातून मानखुर्दला, अणुशक्तीनगराजवळच्या स्वतःच्या आवारात आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय केंद्र म्हणून त्याला अणुऊर्जा विभागाचे पाठबळ होतेच. आता प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यशाळा आणि शिक्षकांच्या निवासाची सोय झाली. महाराष्ट्रातून आणि बाहेरून शिक्षकांच्या तुकड्या तिथे येऊ लागल्या. १९९३ मध्ये यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दप्तराच्या ओझ्यावरचा अहवाल दिला. होशंगाबादेत शिक्षकांमध्ये बसणारे तेच यशपाल. ओझे दप्तरापेक्षा न समजण्याचे जास्त आहे, हे त्यांचे निदान केंद्राच्या भाषेवरच्या कामाशी थेट जुळणारे होते.

१९९४ ते २००४ : प्राथमिकचे विज्ञान

अरविंद कुमार १९९४ मध्ये संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत विज्ञान ऑलिंपियाडचे काम केंद्राकडे आले आणि त्याचे नाव देशभर पोहोचले. २००१ साली आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती अशा स्पर्धांची, आणि ते योग्यही आहे. पण या स्मरणिकेच्या वाचकांच्या दृष्टीने त्या दशकातले खरे महत्त्वाचे काम तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी झाले.

आधी संशोधन झाले. वनस्पती म्हणजे काय, सजीव म्हणजे काय, याविषयी मुलांच्या मनात काय असते हे चित्रा नटराजन, सुगरा चुनावाला, स्वाती आपटे आणि जयश्री रामदास यांनी शहरी आणि आदिवासी मुलांशी बोलून, त्यांची चित्रे पाहून, त्यांना प्रश्न विचारून शोधले. मुलाचे चित्र म्हणजे त्याच्या समजुतीचा पुरावा, ही दृष्टी आपल्या शिक्षकांसाठी तेव्हा नवी होती. आपण वहीतल्या चित्राला ‘छान’ किंवा ‘नीट काढ’ एवढेच म्हणत होतो. मुळे न काढलेले झाड पाहून ‘तुझे झाड पाणी कुठून पिते?’ असे विचारावे, हे सुचायला प्रशिक्षण लागते.

या संशोधनाच्या पायावर जयश्री रामदास आणि सहकाऱ्यांनी ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक विज्ञानाची पुस्तकमाला तयार केली. मराठीत ती ‘हलके-फुलके विज्ञान’ या नावाने आली. प्रत्येक इयत्तेला पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तक आणि शिक्षकांचे पुस्तक अशी तिची मांडणी आहे. मिनी आणि अपू ही दोन मुले त्यात भेटतात. ती बघतात, विचारतात, मोजतात, तर्क करतात, चुकतात आणि पुन्हा करून पाहतात. उत्तरे आयती मिळत नाहीत. ‘आजूबाजूला विचारून शोधा’, ‘सारखे काय आणि वेगळे काय’ अशा कृतींनी पाने भरलेली आहेत.

यातले शिक्षकांचे पुस्तक मला सर्वांत मोलाचे वाटते. आपल्याकडे शिक्षक हस्तपुस्तिका म्हणजे पाठाची उद्दिष्टे आणि उत्तरांची यादी, अशी समजूत होती. या पुस्तकात मुले काय उत्तरे देतील, त्यामागे कोणती समजूत असेल, पुढचा प्रश्न कोणता विचारावा, साहित्य मिळाले नाही तर काय वापरावे, आणि एखादा प्रयोग का फसू शकतो, हे सगळे विचारात घेतले आहे. शिबिराला जाऊ न शकणाऱ्या एकशिक्षकी शाळेच्या गुरुजींना किंवा बाईंना हे पुस्तक म्हणजे शेजारच्या वर्गातला अनुभवी सहकारी.

सांगोल्यात डाळिंबाच्या बागेत, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, उजनीच्या काठी या पुस्तकमालेतली कोणतीही कृती सहज करता येते. बी रुजते कसे हे पाहायला ज्वारीइतके स्वस्त आणि खात्रीचे साहित्य नाही. एका डब्यात ओली माती, एकात कोरडी, एक उजेडात, एक अंधारात, आणि रोज एक ओळ वहीत. अंधारातला कोंब उजेडातल्यापेक्षा लांब वाढलेला पाहून मुले चकित होतात. ‘अंधारात झाड वाढतच नाही’ हे पाठ केलेले वाक्य तिथे गळून पडते, आणि तो फिका, लुळा कोंब एवढा ताणून का वाढला असेल, याचा विचार सुरू होतो.

२००४ ते २०१४ : शिक्षकाचे ज्ञान हाच अभ्यासविषय

२००४ साली केंद्राने गोव्यात विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू केली. ‘एपिस्टेम’ या नावाने ती पुढेही नियमित भरत राहिली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आला. त्याच्या विज्ञान शिक्षणावरच्या राष्ट्रीय गटाचे अध्यक्ष अरविंद कुमार होते, तर संपूर्ण आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यशपाल. नाना चौक आणि होशंगाबादपासून चालत आलेला विचार आता देशाच्या अधिकृत दस्तऐवजात उतरला होता. २००८ मध्ये हेमचंद्र प्रधान संचालक झाले आणि २०११ मध्ये जयश्री रामदास. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंतचे शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क ठरला.

या दशकातल्या कामांपैकी शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांचे खगोलशास्त्रावरचे काम शिक्षकांनी आवर्जून वाचावे. आदिवासी, ग्रामीण आणि शहरी वस्तीतल्या मुलांबरोबर काम करून त्यांनी दाखवले की पृथ्वी, सूर्य आणि चंद्र यांच्या हालचाली समजायला पुस्तकातली सपाट आकृती पुरत नाही. मुलांनी स्वतः उभे राहून, हात फिरवून, गिरक्या घेऊन, मग चित्रे काढून त्या समजून घ्यायला हव्यात.

सोलापूरच्या शिक्षकाला तर यासाठी आभाळ आणि ऊन दोन्ही भरपूर मिळाले आहे. आपले अक्षांश साडेसतरा अंशांच्या थोडे पुढे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला एके दिवशी मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्या-मुंबईचा दिवस वेगळा, नागपूरचा वेगळा, आणि दिल्लीत तर असा दिवस कधीच येत नाही. शाळेच्या अंगणात एक काठी रोवून वर्षभर दुपारच्या सावलीच्या टोकाला खुणा करून ठेवल्या की ऋतूंचा पाठ अर्धा झाला. उरलेला अर्धा अवघड आहे. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ ही समजूत मुलांइतकीच मोठ्यांमध्येही पक्की असते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २० लाखांवर. सोलापूरला उन्हाचा कडाका जाणवतो त्या मे महिन्यात ती दूर दूर जात असते. हे वाक्य सांगून भागत नाही. दिवा, चेंडू आणि कललेला आस घेऊन शिक्षकाने ते आधी स्वतः फिरवून पाहावे लागते.

२०१४ ते २०२४ : पडद्यावर आणि पुन्हा वर्गात

के. सुब्रमण्यम २०१६ मध्ये संचालक झाले. गणित शिक्षकांच्या व्यावसायिक विकासावर त्यांचे मूलभूत काम आहे. शिक्षक वर्गात घेतो तो प्रत्येक निर्णय ज्ञानाचा असतो, ही त्यांच्या गटाची मांडणी विज्ञानालाही तितकीच लागू पडते. त्यांच्यानंतर अर्णब भट्टाचार्य यांनी धुरा घेतली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने राबवलेल्या, डिजिटल साधनांवर भर देणाऱ्या ‘क्लिक्स’ उपक्रमात केंद्र सहभागी होते. ‘विज्ञान प्रतिभा’ हा केंद्राचा मोठा उपक्रम नवोदय विद्यालये, केंद्रीय विद्यालये आणि अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या शाळांमधल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात पोखरापूरला नवोदय विद्यालय आहे. उपक्रमातले अध्ययन घटक मात्र कोणत्याही शाळेच्या शिक्षकाला वापरता येतात, आणि त्यांतले अनेक मराठीतही उपलब्ध आहेत.

२०१९ मध्ये ‘निष्ठा’ हे देशव्यापी शिक्षक प्रशिक्षण सुरू झाले. २०२० मध्ये महासाथीने शाळा बंद केल्या आणि प्रशिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला पन्नास तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा ठेवली. आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाची जगाने दखल घेतली. दहा लाख डॉलरच्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिला. जिल्हा परिषदेच्या दोन-तीन खोल्यांच्या शाळेतूनही जगाला देण्यासारखे काही उभे राहू शकते, याचा हा आपल्या घरचा दाखला.

पडद्यावरच्या प्रशिक्षणाने सोय झाली, यात शंका नाही. करमाळ्याहून वेळापूरला जायचा दिवस वाचला. पण मेणबत्ती विझल्यावर पाणी कधी चढते, हे चित्रफितीत पाहणे आणि आपल्या हाताने पेला धरून पाहणे यांत फरक आहे, आणि तो विज्ञान शिक्षकाने मान्य करायलाच हवा. पन्नास तासांपैकी किती तास शिक्षकाच्या हातात साहित्य होते, हे मोजले जावे असे मला मनापासून वाटते. आज मोजली जाते ती हजेरी.

सध्याचे कार्य

मानखुर्दच्या आवारात आज विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करणारे संशोधक आहेत, ऑलिंपियाडची शिबिरे भरतात, विज्ञानाच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे आणि शिक्षकांच्या कार्यशाळा सुरू असतात. प्राथमिक विज्ञानाची पुस्तके आणि अनेक साधने केंद्राच्या संकेतस्थळावर खुली आहेत. मराठीतून विज्ञान शिक्षणाचे साहित्य तयार करण्याचे कामही चालू आहे.

या पन्नास वर्षांचे श्रेय काही नावांपुरते ठेवणे अन्यायाचे होईल. खिरोद्याच्या बैठकांना शेजारच्या गावांहून सायकलने आणि एसटीने आलेले शिक्षक, आपला वर्ग संशोधकांसाठी खुला करणाऱ्या महापालिकेच्या शिक्षिका, स्वस्त साहित्य घडवून देणारे कार्यशाळेतले कारागीर, कार्यपुस्तकांची चित्रे काढणारे कलाकार, परीक्षेच्या हजारो उत्तरपत्रिका तपासणारे सहायक आणि आपल्या चुकांसह मोकळेपणाने बोलणारी मुले, या सगळ्यांनी मिळून हे काम घडवले आहे.

सोलापूर जिल्ह्यापुढे यातून एक नेमके काम उभे राहते. ‘हलके-फुलके विज्ञान’ मराठीत आहे. अक्कलकोटच्या कन्नड माध्यमाच्या आणि शहरातल्या उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शिक्षकांनी त्यातल्या दोन-दोन कृती निवडून, आपल्या मुलांच्या बोलीत प्रश्न लिहून, वर्गात करून पाहाव्यात. मुलांनी दिलेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावीत आणि ती घेऊन पुढच्या शिक्षण परिषदेला यावे. कोणते शब्द अडले, कोणता प्रयोग उन्हात फसला, कोणत्या मुलाने काय वेगळे विचारले, यावर त्या दिवशी चर्चा व्हावी. वेळापूरच्या संस्थेच्या मार्गदर्शकांनी त्या टिपणांची एक वही करावी. कुलकर्णी आणि गंभीर यांनी चाळीस वर्षांपूर्वी एका भाषेत केलेल्या कामाला चार भाषांचा हा जिल्हा त्या वहीपासून पुढे नेऊ शकेल.